अंगाने मोठा की खेळाने? वॉटर पोलोच्या मुलांची पारख वय, वाढ आणि सराव मोजून कशी करावी

१३-१४ वर्षांच्या मुलांच्या वॉटर पोलो ट्रायल्स बऱ्याच ठिकाणी एकाच साच्यात होतात. पन्नास मीटर पोहायला लावायचं, गोलवर पाच-सहा शॉट मारून घ्यायचे आणि शेवटी अर्धा तास मॅच. ज्याचा हात लांब आणि शॉट जोरात, तो आत. दोन वर्षांनी बाकीची मुलं उंचीने बरोबरीला येतात, तेव्हा आत घेतलेल्यांपैकी काहींकडे दाखवायला दुसरं काही उरत नाही. ज्याला ‘अजून बारीक आहेस, पुढच्या वर्षी ये’ म्हटलं होतं, तो एव्हाना दुसऱ्या खेळाला लागलेला असतो.

अशा ट्रायलमध्ये तीन गोष्टी एकाच आकड्यात मिसळतात: कॅलेंडरचं वय, शरीराचं वय आणि पाण्यात बॉल घेऊन घालवलेले तास. त्या सुट्या करण्याचा क्रम खाली दिला आहे. तो १० ते १६ वयाच्या मुलामुलींसाठी आहे. २०-२५ जणांच्या बॅचला दोन संध्याकाळी आणि दोन मदतनीस पुरतात.

साहित्य फार लागत नाही. भिंतीला चिकटवलेली मोजपट्टी, सपाट स्टूल, वजनकाटा, दोन स्टॉपवॉच, स्लो मोशन असलेला फोन, सेंटीमीटरच्या खुणा केलेली दीड मीटरची फळी, नंबरच्या कॅप आणि एकसारखे चार बॉल एवढं जमवा. फळीवरच्या खुणा ऑइल पेंटने करा. मार्करच्या खुणा पहिल्याच दिवशी पुसल्या जातात.

टप्पा १: जन्मतारखेवरून दशांशात वय काढा

स्पर्धेतला वयोगट साधारणपणे जन्मवर्षावरून ठरतो. वर्ल्ड ॲक्वाटिक्स या जलक्रीडांच्या जागतिक संघटनेच्या नियमात त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला असणारं वय धरतात. त्यामुळे ८ जानेवारी २०१२ आणि २० डिसेंबर २०१२ ला जन्मलेली मुलं एकाच गटात येतात. १० मे २०२६ ला चाचणी घेतली, तर पहिल्याचं वय १४.३३ आणि दुसऱ्याचं १३.३९ निघतं. कागदावर दोघं ‘२०१२ ची’ असली तरी त्यांच्यात जवळपास वर्षाचा फरक आहे, आणि या वयात वर्षभरात खांदे, हात, आवाज सगळंच बदलतं.

हिशोब सोपा आहे. पूर्ण झालेली वर्षं घ्या, शेवटच्या वाढदिवसानंतरचे दिवस मोजून ३६५ ने भागा आणि दोन्हींची बेरीज करा. दोन दशांश स्थळं पुरेत.

सावधान: दाखल्यावर १ जून ही तारीख दिसली तर एकदा विचारून घ्या. शाळेत नाव घालताना सोयीसाठी १ जून लिहिण्याची आपल्याकडची पद्धत जुनी आहे आणि ती पूर्ण संपलेली नाही. महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला मागा. शंका आली म्हणून कोचने परस्पर वय ठरवायला हाताचा एक्स-रे काढायला पाठवू नये. ते काम डॉक्टरांचं आणि संघटनेचं आहे.

तपासा: मागच्या दोन वर्षांत निवडलेल्या मुलांच्या जन्मतारखा तिमाहीनुसार मांडा. जानेवारी-मार्चची मुलं गच्च आणि ऑक्टोबर-डिसेंबरची तुरळक दिसली, तर आजवर तुम्ही बहुधा जन्मतारखाच निवडत आला आहात.

टप्पा २: शरीर कुठवर आलंय ते मोजा

वाढीचा सर्वांत वेगवान काळ मुलींमध्ये सरासरी १२ व्या आणि मुलांमध्ये १४ व्या वर्षाच्या आसपास येतो. तो कुणाला वर्ष-दोन वर्षं आधी गाठतो, कुणाला तेवढाच उशिरा. म्हणून १३ वर्षांच्या दोन मुलांची शरीरं प्रत्यक्षात ११ आणि १५ वर्षांची वाटू शकतात.

पाच मापं घ्या: उंची, बसून उंची, दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधलं अंतर, पंजा ताणून अंगठ्यापासून करंगळीपर्यंतची वीत आणि वजन. उंची अनवाणी, टाचा भिंतीला लावून आणि नजर समोर ठेवून मोजा. प्रत्येक माप दोनदा घ्या. उंचीत अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा घेऊन मधला आकडा धरा. माणूस दिवसभरात साधारण सेंटीमीटरभर ‘खचतो’, म्हणून सगळ्यांची उंची एकाच वेळी मोजा. सकाळच्या बॅचची सकाळी आणि संध्याकाळच्या बॅचची संध्याकाळी मोजली, तर त्या दोन याद्या एकमेकींशी जुळवू नका.

वजन आडोशाला घ्या आणि आकडा मोठ्याने सांगू नका. मुलींची मापं घेताना महिला मदतनीस हवीच. पाळी सुरू झाली का, हा प्रश्न डेकवर, म्हणजे तलावाच्या काठावर, विचारायचा नसतो. खालच्या सूत्राला त्याची गरजही पडत नाही.

वाढीचा शिखरबिंदू, म्हणजे तो सर्वांत वेगवान काळ, किती वर्षं दूर आहे, याचा अंदाज देणारं २०१५ मध्ये मांडलेलं सोपं सूत्र आहे. उंची सेंटीमीटरमध्ये आणि वय दशांशात घ्यायचं.

मुलगे: ०.००३६१२४ × वय × उंची, त्यातून ७.९९९९९४ वजा
मुली: ०.००४२२३२ × वय × उंची, त्यातून ७.७०९१३३ वजा

१३.४ वर्षांचा, १५२ सेंमीचा मुलगा घ्या. १३.४ × १५२ = २०३६.८. याला ०.००३६१२४ ने गुणलं की ७.३६ येतात आणि ८ वजा केले की उणे ०.६४ उरतात. म्हणजे शिखर अजून ०.६४ वर्ष, सात-आठ महिने, पुढे आहे. १३.२ वर्षांचा पण १७० सेंमीचा मुलगा अधिक ०.१ वर येतो, म्हणजे तो शिखरावर आहे. १२ वर्षांची १५२ सेंमीची मुलगी जवळपास शून्यावर येते. ती पहिल्या मुलाहून लहान आणि त्याच्याएवढीच उंच असूनही वाढीत त्याच्या पुढे आहे.

यावरून तीन गट करा: उणे १ च्या खालची मुलं ‘वाढीआधी’, उणे १ ते अधिक १ मधली ‘वाढीत’ आणि त्यापुढची ‘वाढीनंतर’.

सावधान: सूत्र परदेशी मुलांच्या मोजमापांवर बेतलेलं आहे. त्यात सहा महिने ते वर्षभराची चूक सहज होते, आणि फार लवकर किंवा फार उशिरा वाढणाऱ्यांच्या बाबतीत ती जास्त असते. म्हणून त्याच्या जोडीला दर तीन महिन्यांनी उंची मोजत राहा. तीन महिन्यांत २ सेंमी किंवा त्याहून जास्त वाढ दिसली, तर सूत्र काहीही सांगो, ते मूल ‘वाढीत’ धरा. आकडा बघून कुणाला काढून टाकण्यासाठी हे सूत्र कधीच वापरू नका. त्याचा उपयोग फक्त तुलना कुणाची कुणाशी करायची, एवढं ठरवण्यापुरता.

टप्पा ३: अनुभव वर्षांत विचारू नका, तासांत मोजा

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो. फॉर्मवर ‘किती वर्षं खेळतोस?’ असा रकाना असतो आणि मुलगा ‘३’ लिहितो. त्या तीन वर्षांत काय होतं? एप्रिल-मेची उन्हाळी बॅच: आठ आठवडे, आठवड्याला पाच दिवस, रोज एक तास. त्यातली पंधरा मिनिटं हजेरी, शॉवर आणि वॉर्म-अपमध्ये गेली, तर मोसमाला ३० तास पडतात. तीन उन्हाळे मिळून ९० तास. शेजारी उभ्या मुलाने ‘१’ लिहिलंय, पण तो चाळीस आठवडे, आठवड्याला चार दिवस, दीड तास येतो. त्याचे २४० तास झाले. फॉर्म वाचणाऱ्याला मात्र पहिलाच अनुभवी वाटतो.

प्रत्येक मुलासाठी दोन रकाने ठेवा: पोहण्याचे तास आणि बॉलचे तास. पालकांना बरोबर बसवून एकेका मोसमाचं विचारा: किती महिने, आठवड्याला किती दिवस, पाण्यात प्रत्यक्ष किती मिनिटं. पावसाळ्यात तलाव बंद होता का, दहावीच्या वर्षी किती महिने सुटले, तेही धरा. आकडा दहाच्या पटीत गोल केला तरी चालेल. कामापुरत्या रेषा अशा आखाव्यात: बॉलचे १०० तासांहून कमी म्हणजे नवखा, १०० ते ३०० मधला, ३०० च्या वर सरावलेला.

तिसरा रकाना शेऱ्यांसाठी. हँडबॉल किंवा बास्केटबॉल खेळलेलं मूल बॉल पकडायला लवकर शिकतं. क्रिकेट खेळलेल्या मुलाचा थ्रो तयार असतो, पण जमिनीला पाय टेकून, त्यामुळे पाण्यात सुरुवातीला तो गडबडतो. विहिरीत किंवा नदीत शिकलेलं मूल स्पर्धात्मक पोहण्यात कच्चं दिसतं, पण डोकं वर ठेवून पोहणं आणि जागच्या जागी उभं तरंगणं त्याच्या अंगात असतं. वॉटर पोलोला नेमकं तेच लागतं. अशा पोरांना फ्रीस्टाइलच्या वेळेवरून घरी पाठवणं परवडणारं नाही.

टप्पा ४: तलाव आणि बॉल सगळ्यांना सारखे

खोली: आपल्याकडचे पुष्कळ तलाव उताराचे आहेत. उथळ बाजूला साडेतीन-चार फूट पाणी असतं आणि तिथे उंच मुलगा अंगठा टेकवून ‘किक’ मारतो. बाहेरून ते कळत नाही. उभ्या किकच्या (पाय आळीपाळीने फिरवत पाण्यात उभं राहण्याच्या) आणि उसळीच्या चाचण्या किमान १.८ मीटर पाण्यातच घ्या.

तापमान: नियमानुसार पाणी २६ अंश सेल्सिअसच्या आसपास, एक अंश कमी-जास्त असावं. पुण्या-नाशिकच्या उघड्या तलावात जानेवारीच्या सकाळी ते बरंच खाली गेलेलं असतं. बारीक मुलं आधी गारठतात, त्यांची बोटं आखडतात आणि बॉल निसटतो. तो दोष थंडीचा असतो, पण कौशल्याच्या रकान्यात चढतो. २४ अंशांच्या खाली चाचणी पुढे ढकला.

बॉल: मोठ्या पुरुषांचा ५ नंबरचा बॉल ६८ ते ७१ सेंमी घेराचा आणि ४०० ते ४५० ग्रॅम वजनाचा असतो. मुलींचा ४ नंबरचा, ६५ ते ६७ सेंमी घेराचा. बारा वर्षांखालच्यांच्या हातात ५ नंबर देणं म्हणजे त्यांच्या कौशल्याऐवजी पंजा मोजणं. १२ च्या आत ३ नंबर, १२ ते १४ ला ४ नंबर वापरा आणि पुढे मुलांना ५ नंबर द्या. एका तुलनेत सगळ्यांना एकच बॉल हवा. जुना, गुळगुळीत झालेला बॉल बाजूला काढा.

तपासा: लाइफगार्ड डेकवर आहे ना? नखं कापली आहेत का? खांदा किंवा गुडघा दुखतोय असं कुणी म्हणालं, तर त्याच्या थ्रोच्या आणि किकच्या चाचण्या आज नाहीत.

टप्पा ५: चाचण्यांचा क्रम

नियम एकच: ताज्या अंगाने तंत्र, मग वेग, मग खेळ आणि दम शेवटी. आधी ४०० मीटर पोहवून मग शॉटची अचूकता बघितली, तर तुम्ही थकव्याची अचूकता मोजता. १२-१५ मिनिटं वॉर्म-अप द्या. त्यात खांद्यांसाठी हलके पास हवेतच.

पहिली संध्याकाळ

(अ) उभी किक, म्हणजेच एगबीटर. दोन्ही कोपरं पाण्याबाहेर ठेवून ३० सेकंद. हनुवटी बुडाली की घड्याळ थांबवा. वेळेबरोबर तंत्राला पाच गुण ठेवा आणि प्रत्येक गोष्टीला एक द्या: गुडघे रुंद आणि वर, पाय आळीपाळीने फिरतात, घोट्यातून पाऊल बाहेर वळतं, धड सरळ, डोकं स्थिर. पाय एकदम मारणारं मूल ब्रेस्टस्ट्रोकची किक मारत असतं. त्याचं डोकं वर-खाली होतं, यावरून ते चटकन ओळखू येतं. पाण्याखालचं दिसत नसेल तर गॉगल लावून मदतनिसाला आत उतरवा.

इथली नेहमीची चूक म्हणजे सगळ्यांच्या हातात दोन-दोन किलोचं वजन देणं. ३५ किलोच्या आणि ६५ किलोच्या मुलाला दोन किलो सारखे नसतात. वजन देऊच नका. आणखी एक लक्षात ठेवा: अंगात चरबी थोडी जास्त असलेलं मूल पाण्यावर सहज राहतं, काटक मूल बुडतं. म्हणून नुसत्या वेळेपेक्षा तंत्राच्या गुणांवर जास्त विश्वास ठेवा.

(आ) उसळी. फळी काठाला उभी बांधा, शून्याची खूण पाण्याच्या पातळीवर. मुलाने शांत किक मारत हात सरळ वर करून फळीला बोट लावायचं, हा पहिला आकडा. मग जोर लावून उसळायचं, हा दुसरा. तीन प्रयत्नांतला सर्वोत्तम घ्या. कामाचा आकडा म्हणजे दोन्हींतला फरक. नुसता दुसरा आकडा लिहिला, तर हाताची लांबी जिंकते. गोलकीपरसाठी मात्र दोन्ही आकडे जपून ठेवा. गोलची आडवी दांडी पाण्यापासून ९० सेंमीवर असते आणि तिथे लांब हात खरोखर कामाला येतो.

(इ) १५ मीटर, बॉलशिवाय आणि बॉलसह. सुरुवात पाण्यातून, भिंतीला पाय न लावता. डोकं दोन्ही वेळा वर. प्रत्येकी दोन प्रयत्न, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. बॉलसहच्या वेळेला बॉलशिवायच्या वेळेने भागा. १२.० आणि १३.२ सेकंद आले तर गुणोत्तर १.१० होतं. नुसता वेग हा बराचसा उंचीचा आणि पोहण्याच्या तासांचा. बॉलमुळे किती वेळ वाया जातो, तो मुख्यतः बॉलच्या तासांचा.

सावधान: गुणोत्तर एकटं वाचू नका. जो मुळातच सावकाश पोहतो, त्याला बॉल सांभाळणं सोपं जातं आणि गुणोत्तर छान येतं. दोन्ही वेळा शेजारीशेजारी लिहा.

(ई) पास आणि कॅच. ५ मीटरवरून २० पास. पाण्याला बॉल न लागता एका हाताने झेललेले मोजा, आणि झेलल्यावर दोन सेकंदांत परत गेलेले वेगळे मोजा. समोर पास देणारा सगळ्यांसाठी एकच, कसलेला माणूस हवा. मुलांच्या आपापसात जोड्या लावल्या, तर एकाच्या वाकड्या पासची शिक्षा दुसऱ्याला होते. मग डाव्या हाताचे (डावखुऱ्याचे उजव्या हाताचे) १० पास. ही जरा क्रूर चाचणी आहे, पण बॉलचे तास खरे सांगितलेत की फुगवून, ते इथे उघड होतं.

दुसरी संध्याकाळ

(उ) शॉट. आधी अचूकता, मग वेग. ५ मीटरवरून गोलच्या चार कोपऱ्यांत दोरीने टांगलेल्या रिंगांवर प्रत्येकी दोन, असे आठ शॉट. कुठला कोपरा ते शॉटच्या आधी तुम्ही पुकारा, नाहीतर मूल आपल्या आवडत्या कोपऱ्यातच मारतं. वेगासाठी तीन शॉट. फोन बाजूला, मार्गाच्या मध्यावर, किमान आठ मीटर दूर स्टँडवर ठेवा आणि सेकंदाला २४० फ्रेमने शूट करा. बॉल हातातून सुटल्यापासून जाळीच्या रेषेपर्यंतच्या फ्रेम मोजा. ५ मीटरला ९६ फ्रेम लागल्या, तर ९६ ÷ २४० = ०.४ सेकंद, म्हणजे सेकंदाला १२.५ मीटर. ३.६ ने गुणलं की ताशी ४५ किलोमीटर. साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत हेच अंतर १२ फ्रेममध्ये संपतं आणि एक फ्रेम चुकली तरी आठ टक्क्यांचा फरक पडतो.

बॉल सुटताना हात ५ मीटरच्या दोरीच्या पुढे असतो. किती पुढे, ते व्हिडिओत बघून अंतरातून वजा करा. न केल्यास लांब हाताच्या मुलाचा वेग फुकट वाढतो, म्हणजे जी चूक टाळायला निघालात तीच मागच्या दाराने आत येते.

(ऊ) छोटी मॅच. १५ × १० मीटरमध्ये तीनविरुद्ध तीन, चार मिनिटांचे तीन डाव. एक फेरी वयाप्रमाणे संघ पाडून आणि दुसरी टप्पा २ च्या गटांप्रमाणे. इतर खेळांत ‘बायो-बँडिंग’ म्हणून चालते ती हीच पद्धत. लवकर वाढलेला मुलगा आपल्याएवढ्या अंगाच्या मुलांत गेला की ढकलून जागा मिळवणं बंद होतं, मग त्याला पास द्यावाच लागतो. उशिरा वाढणाऱ्याला बॉल धरायला पहिल्यांदाच उसंत मिळते. दोन्ही फेऱ्यांमधला एकाच मुलाचा फरक हा या सगळ्या कामातला सर्वांत बोलका कागद आहे. वेळ कमी असेल तर बाकी चाचण्या कापा, ही कापू नका.

दोन निरीक्षक ठेवा, दोघांनाही वय आणि तास माहीत नसावेत. चार गोष्टींना १ ते ५ गुण द्यायचे: बॉल येण्याआधी मान वळवून बघतो का, बचावात आपल्या माणसाच्या आणि गोलच्या मध्ये राहतो का, बॉल वेळेत सोडतो का, बॉल गेल्यावर लगेच मागे वळतो का. गोल मोजू नका. दोघांच्या गुणांत दोनहून जास्त फरक आला, तर ती फेरी व्हिडिओवर पुन्हा बघा.

खेळाची ही समज गुणपत्रिकेत वरच ठेवा. इस्रायलमध्ये १४-१५ वर्षांच्या वॉटर पोलोपटूंचा दोन वर्षं माग काढला गेला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निरीक्षणात पुढे राष्ट्रीय ज्युनियर संघात गेलेली मुलं सुरुवातीपासूनच पोहण्याच्या बहुतेक चाचण्यांत, ड्रिबलिंगमध्ये (बॉल घेऊन पोहण्यात) आणि खेळाच्या समजेत उजवी होती. मोजलेली मुलं थोडी होती, म्हणून त्यावर इमले बांधू नयेत. पण आपल्या ट्रायल्समध्ये समज मोजलीच जात नाही, हे खरं.

(ए) दम. ६ × २० मीटर, दर ४० सेकंदांनी सुटायचं. पहिल्या आणि शेवटच्या वेळेतला फरक लिहा. वाढीआधीच्या मुलांची वेळ फारशी घसरत नाही. ती लवकर सावरतात आणि त्यांचा मुळातला जोरही कमी असतो. वाढीनंतरचा मुलगा पहिला वीस मीटर तडाख्यात मारतो आणि नंतर ढेपाळतो. तेवढ्यावरून लहानग्याचा ‘स्टॅमिना जबरदस्त’ असं लिहून मोकळे होऊ नका.

टप्पा ६: आकडे वाचा

सगळं एका तक्त्यात आणा. रांगा जन्मवर्षाच्या न लावता ‘वाढीआधी, वाढीत, वाढीनंतर’ अशा लावा आणि प्रत्येक रांगेत बॉलच्या तासांचे तीन गट करा. मुलगे आणि मुली वेगळ्या पानांवर. १२ व्या वर्षी मुली वाढीत मुलांच्या पुढे असतात, त्यामुळे एकत्र यादीत त्या आधी वर दिसतात आणि दोन वर्षांनी ‘मागे पडल्या’ असं उगाच वाटतं.

मग रकाने वाचा. शॉटचा वेग, १५ मीटरची नुसती वेळ आणि उसळी यांवर शरीराची वाढ जोर धरते. हे आकडे फक्त त्याच रांगेतल्या मुलांशी ताडून बघा. ड्रिबलिंगचं गुणोत्तर, उभ्या किकचे तंत्रगुण, झेल आणि दुसऱ्या हाताचे पास यांवर तासांचा ठसा असतो. ते त्याच तासांच्या मुलांशी ताडा. मॅचची समज दोन्हींच्या मधली आहे: तासांनी वाढते, पण सारख्या तासांच्या मुलांतही तफावत राहते, आणि निवडणाऱ्याने शोधायची ती हीच तफावत.

एक नमुना घ्या. मुलगा क: वाढीनंतर, ३५० तास, शॉट ताशी ४८ किमी, दुसऱ्या हाताचे १० पैकी २ पास नीट. मुलगा ख: वाढीआधी, ८० तास, शॉट ३३ किमी, दुसऱ्या हाताचे ४, समजेचे गुण वरचे. नेहमीच्या ट्रायलमध्ये क पहिला आणि ख यादीबाहेर. तक्त्यात मात्र क कडे ३५० तासांच्या मानाने तंत्र कमी दिसतं आणि ख ने ८० तासांत बरंच उचललेलं दिसतं. म्हणून क ला काढायचं नाही, उद्याचा सामना जिंकायला तो लागेलच. पण ख ला काढणं ही चूक ठरेल.

टप्पा ७: गटाप्रमाणे काम द्या

वाढीआधीच्या गटाला उभी किक, दोन्ही हातांनी पास, डोकं वर ठेवून पोहणं आणि भरपूर छोट्या मॅच. शॉटच्या जोराचं नाव काढू नका. लहान हाताने जोर काढायला गेलं की कोपर खाली पडतं आणि ती सवय पुढे जाता जात नाही.

वाढीतल्या गटाची काळजी जास्त. हात-पाय वेगाने लांबतात आणि कालपर्यंत जमणारा शॉट वर जायला लागतो, किकचा ताल बिघडतो. याला आळस समजून शिक्षा म्हणून लॅप देणारे कोच कमी नाहीत. पूर्ण जोराचे शॉट दिवसाला २०-२५ वर थांबवा, सलग किक दोन-तीन मिनिटांच्या तुकड्यांत द्या. गुडघ्याच्या आतल्या बाजूला किंवा वाटीखालच्या हाडावर दुखलं, तर किक बंद आणि डॉक्टर. खांदा दोन दिवसांनंतरही दुखत राहिला, तरी तेच.

वाढीनंतरच्या गटाला आता ताकद, अंगाला अंग लावून जागा मिळवणं, सेंटरचा (गोलसमोर जागा धरणाऱ्या खेळाडूचा) आणि त्याच्या बचावाचा खेळ. त्यांतल्या नवख्यांना मात्र लहानांबरोबर पासच्या रांगेत उभं करा. अंगाने मोठं पोर तिथे लाजतं, म्हणून त्याला लहानांना पास देण्याची जबाबदारी द्या.

नवख्या मुलाचा निकाल पहिल्या चाचणीवर लावूच नका. १२ आठवडे आणि किमान ४० तास बॉल द्या, मग बघा.

टप्पा ८: पुन्हा मोजा

१२ ते १६ आठवड्यांनी, त्याच तलावात, त्याच बाजूला, दिवसाच्या त्याच वेळी, त्याच बॉलने. आधी उंची मोजा आणि तासांचा रकाना पुढे न्या, मगच चाचण्या.

सुधारणा खरी की घड्याळाची, हे कळायला सुरुवातीलाच एक काम करून ठेवावं लागतं: पाच-सहा मुलांच्या (इ) आणि (उ) या चाचण्या दोन दिवसांच्या अंतराने दोनदा घ्या. त्या दोन दिवसांत १५ मीटरची वेळ ०.३ सेकंदांनी हलली, तर तीन महिन्यांनंतरची ०.२ सेकंदांची सुधारणा ही सुधारणा नव्हे. शॉट ताशी ४ किमीने वाढला पण उंचीही ३ सेंमीने वाढली, तर ते श्रेय सरावाच्या खात्यात टाकू नका. उंची तेवढीच राहिली आणि ड्रिबलिंगचं गुणोत्तर १.१५ वरून १.०८ वर आलं, तर ते बिनदिक्कत टाका.

पालकांना कागद देताना क्रमांक देऊ नका. मुलाचे स्वतःचे मागचे आणि आताचे आकडे, बॉलचे तास आणि पुढच्या बारा आठवड्यांचं काम, एवढंच एका पानावर लिहा. वाढीचा अंदाज त्या पानावर नको. ‘सरांनी सांगितलं, अजून उंची वाढणार’ असं घरोघरी सुरू झालं की पुढच्या फेरीत मापं घेताना टाचा उचलल्या जातात.